दात उशीखालीच राहिला तेव्हा

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेसहा वर्षांची. पहिला दात पडला तेव्हा, उशीखाली ठेवलेला दात रात्री परी घेऊन जाते आणि पैसे ठेवते, असं वर्गातल्या मैत्रिणीकडून ऐकून तिने तो उशीखाली ठेवला. रात्री आईबाबांनी दात काढून घेतला आणि दहा रुपयांचं नाणं व छोटी चिठ्ठी ठेवली. काल दुसरा दात पडला, पण रात्री दोघंही झोपून गेले. आज सकाळी दात जिथल्या तिथे. मुलगी रडायला लागली तेव्हा बाबा घाईत बोलून गेले, "परीला बरं नसेल गं." आता ती परीची काळजी करत बसली आहे. आजी म्हणतात, दात उंदराला द्यायचा असतो, ही परी कुठून आणलीत? आज रात्री नेमकं काय करायचं, आणि हे खोटं बोलणं थांबवावं का?

मी लहान मुलांचे दात बघते. सहा ते बारा या वयातली मुलं आणि त्यांचे आईवडील रोज समोर असतात, आणि पडलेल्या दाताचं काय करायचं हा प्रश्न दाताच्या प्रश्नाइतकाच वारंवार येतो. त्या अनुभवावरून सांगते.

आधी मूळ अडचण नीट पाहू. सकाळी उशी उचलल्यावर तुमच्या मुलीला परी आहे की नाही अशी शंका आलेली नाही. शंका आली असती तर ती रडली नसती, तुमच्या तोंडाकडे रोखून बघत राहिली असती. पहिल्या वेळी परी आली आणि या वेळी आली नाही, म्हणजे मधे आपलं काहीतरी चुकलं, असा सरळ हिशेब या वयाचं मूल मांडतं. रात्री दात घासले नाहीत म्हणून असेल, आईशी भांडले म्हणून असेल, किंवा हा दात पहिल्यासारखा चांगला नसेल. ती हे बोलून दाखवेलच असं नाही. म्हणून परीला वाचवण्याच्या आधी मुलीच्या मनातला हा दोष काढायला हवा. त्यानंतर बाबांचं वाक्य दुरुस्त करायचं, आणि मग आज रात्रीची तयारी.

यातलं बरंच तुमच्या घरावर अवलंबून आहे. ती एकटी झोपते की आजीजवळ, घरात मोठं भावंड आहे का, दात घरी पडला की शाळेत, हे मला माहीत नाही. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगते.

दोष काढण्यासाठी एकच वाक्य पुरतं आणि ते आजच, शक्यतो संध्याकाळच्या आत बोललं जावं: "तुझं काही चुकलेलं नाही, तुझा दातही छान आहे. राहिलं ते आमच्याकडून राहिलं." हे शब्दशः खरं आहे, म्हणून तुमचा आवाज अडखळणार नाही. तपशील मागितला तर घराला जुळेल तो द्या. मच्छरदाणी घट्ट खोचली होती. खिडकी जाळीसकट बंद होती. दात उशीच्या फार आत सरकवला होता. यातली प्रत्येक गोष्ट मोठ्यांनी करायची होती. कारण शोधताना मी आईवडिलांना एवढंच पाळायला सांगते की दोष मुलावर जाऊ नये आणि परीवरही जाऊ नये.

परीवर का नाही, ते तुमच्या घरात दिसतंच आहे. परी आजारी, परीचा पंख मोडला, परी वाट चुकली, असं काही सांगितलं की मूल त्या गोष्टीत शिरतं आणि काळजी करू लागतं. मग परी बरी झाली का, तिला औषध कोण देतं, हे प्रश्न दोन-दोन दिवस चालतात आणि प्रत्येक उत्तरासाठी तुम्हाला नवी गोष्ट रचावी लागते. "विसरली असेल" हे त्याहून वाईट, कारण विसरली म्हणजे मी तिला महत्त्वाची वाटले नाही. "खूप मुलांचे दात पडले, वेळ पुरला नाही" याचाही अर्थ मुलाच्या कानाला तोच लागतो.

दात काल संध्याकाळी उशिरा पडला असेल तर तुमच्याकडे सगळ्यात चांगलं कारण आहे: दिवेलागणीनंतर पडलेला दात दुसऱ्या दिवशीच्या यादीत जातो. हा नियम आहे आणि मुलं नियम सहज मानतात. शाळेच्या बसला वेळ असते, डबा सुटीतच उघडायचा असतो, तशी ही एक वेळ. शिवाय पुढे कधी तुम्ही पुन्हा झोपून गेलात तर हाच नियम उपयोगी पडेल. पण दात दुपारी शाळेत पडला असेल आणि बाईंनी तो कागदात गुंडाळून दिला असेल तर हे कारण चालणार नाही. तिला वेळ पक्की आठवत असते. अशा वेळी मच्छरदाणी आणि खिडकीच बरी.

"बरं नसेल" हे बाबा बोललेत, तर ते बाबांनीच मागे घ्यायला हवं. "मी नुसता अंदाज केला होता. मला ठाऊक नव्हतं." एवढंच. तुम्ही त्यांच्या वतीने समजावत बसलात तर तिच्यासमोर दोन माणसांच्या दोन गोष्टी उभ्या राहतील. आणि हे करण्याआधी तुम्ही, बाबा आणि आजी यांनी स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभं राहून एकच उत्तर ठरवा. माझ्या पाहण्यात नाणं विसरल्यामुळे जेवढा घोळ होतो, त्याहून जास्त तीन मोठ्यांनी तीन कारणं दिल्यामुळे होतो.

बरेच पालक सकाळीच हातचलाखी करून बघतात. नाणं बोटांत लपवून "अगं, नीट बघ, अभ्र्यात अडकलं असेल" म्हणत उशी झटकायची आणि नाणं खाली पाडायचं. मुलाने अजून उशी उचललेलीच नसेल, किंवा दात हाती लागलेला नसेल, तर हे जमतं. दुसऱ्या बाजूला बघायला सांगून तेवढ्यात दात उचलता येतो. पण दात एकदा मुलाच्या मुठीत आला की हा मार्ग बंद समजा. परी पैसे ठेवून गेली आणि दात न्यायला विसरली, हे सहा वर्षांच्या मुलीलाही पटत नाही. तुमच्याकडे ती वेळ गेलेली आहे, म्हणून आज रात्रीच नीट करू.

रात्रीची वेळ. मुलांची सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात असते. ती साडेनऊला झोपत असेल तर साडेदहा ते साडेअकरा हा सुरक्षित काळ. पहाटे उठून ठेवू, असं कधीही ठरवू नका. पहाटे झोप हलकी असते, आणि दाताची वाट बघणारं मूल नेहमीपेक्षा लवकर जागं होतं. तुमच्यापैकी एकाच्या फोनवर साडेदहाचा गजर लावा, आवाज बंद आणि थरथर चालू, आणि फोन तिच्या खोलीबाहेर ठेवा. एकाच्याच, हे महत्त्वाचं. दोघांची जबाबदारी असली की दोघंही दुसऱ्याच्या भरवशावर झोपतात.

दात सुटा ठेवू नका. खालच्या पुढच्या दुधाच्या दाताची रुंदी जेमतेम चार मिलिमीटर असते. मूळ आधीच झिजून गेलेलं असतं, म्हणून हातात येतो तो तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठा, खालून पोकळ तुकडा. अंधारात उशीखाली तो बोटांना लागत नाही, चादरीच्या घडीत जातो, आणि शोधताना मूल जागं होतं. त्यासाठी सुती कापडाची तळहातापेक्षा लहान पोटली करा. तिला वीतभर नाडी लावा आणि नाडीचं टोक गादीच्या कडेला बाहेर लोंबू द्या. उशी न उचलता नाडी ओढली की पोटली बाहेर येते. दात काढून नाणं आत घालायचं आणि पोटली परत सरकवायची. पोटली नको असेल तर दात वाटीभर पाण्यात घालून खिडकीशी किंवा फडताळावर ठेवता येतो. स्वीडन-नॉर्वेकडे दात पाण्याच्या ग्लासात ठेवायची पद्धत आहेच. मात्र वाटी स्टीलची घेऊ नका. रात्रीच्या शांततेत त्यात नाणं पडलं की ठणकन वाजतं. काचेची घ्या आणि नाणं कडेने अलगद सोडा.

ती आजीजवळ झोपत असेल तर ही सगळी कामगिरी आजींकडे सोपवा. त्या तशाही रात्री एकदोनदा उठत असतील, आणि मूल अर्धवट जागं झालं तरी आजीचा हात डोक्याखाली आला याचं त्याला काही वाटत नाही.

रक्कम पहिल्या दाताएवढीच ठेवा: दहा म्हणजे दहा. भरपाई म्हणून पन्नास किंवा शंभर ठेवायचा मोह होईल, तो आवरा. एक म्हणजे पुढच्या दाताला पुन्हा दहा आले की ती खट्टू होईल. दुसरं, उशिरा आलेल्या परीने जास्त दिले, यावरून मुलं जो निष्कर्ष काढतात तो तुम्हाला आवडणार नाही. तिसरं कारण माझ्या कामाशी संबंधित आहे. रक्कम मोठी झाली की मुलं न हलणारे दात हलवायला लागतात. दोऱ्याने ओढतात, पेन्सिलने टोकतात, आणि हिरडी सुजवून माझ्याकडे येतात. दात स्वतःहून पडला तर रक्त थोडंच येतं. स्वच्छ कापडाची घडी दहा-पंधरा मिनिटं घट्ट चावून धरली की थांबतं. ओढून काढलेल्या दाताचं तसं नसतं.

चिठ्ठी तीन ओळींची पुरे. "तुझी काहीच चूक नव्हती. खालचा उजवा दात मिळाला. स्वच्छ आहे." कोणता दात ते नेमकं लिहा. परीने आपलाच दात पाहिला याची मुलांना तेवढीच खात्री हवी असते. उशिराचं कारण चिठ्ठीत लिहू नका. तुम्ही तोंडी जे सांगितलं त्यात आणि चिठ्ठीत एका शब्दाचा जरी फरक पडला तरी पकडला जातो. या वयाची मुलं नुकती वाचायला शिकलेली असतात आणि आईचं अक्षर त्यांना ओळखू येतं, कारण गृहपाठाच्या वहीवर ते रोज दिसतं. म्हणून डाव्या हाताने लिहा, किंवा ज्यांचं अक्षर तिने फारसं पाहिलेलं नाही अशा कुणाकडून लिहून घ्या. कागदही घरातल्या वहीचा नको. फाटलेल्या पानाची उरलेली कड वहीत सापडली म्हणून बिंग फुटल्याचं मी मुलांच्याच तोंडून ऐकलं आहे.

चमकी, अभ्रक, रांगोळी यातलं काहीही उशीवर टाकू नका. परीच्या खुणा म्हणून लोक टाकतात, पण रात्रभर तोंड त्याच उशीवर असतं आणि ते कण डोळ्यांत जातात. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारे छोटे दिवेही मुलाच्या अंथरुणाजवळ नकोत. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजू शकतो. तशी शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर नाण्याबाबतही जपा. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे लहान मुलाच्या घशात अडकण्याजोगं. सकाळी ते उशीखालून निघालं की तिच्या हातून गल्ल्यात टाकून घ्या.

आता आजींचं म्हणणं. मला ते बाजूला सारण्यासारखं वाटत नाही. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचा किंवा कौलांवर फेकायचा, म्हणजे उंदरासारखे बारीक आणि बळकट दात येतात, हे आपल्याकडच्या कित्येक घरांत आजही सांगतात. निरीक्षण म्हणून ते पक्कं आहे, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. फ्रान्समध्ये मुलांचे दात परी नेत नाही, छोटी उंदरीण नेते. स्पेनमध्ये पेरेझ नावाचा उंदीर नेतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आठ वर्षांच्या राजाचा, म्हणजे तेराव्या अल्फोन्सोचा दात पडला तेव्हा लुईस कोलोमा या जेझुइट पाद्र्याने त्याच्यासाठी या उंदराची गोष्ट लिहिली. तो उंदीर जिथे राहत होता म्हणतात त्या माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर त्याच्या नावाची पाटीही लावलेली आहे. या मानाने परी अलीकडची. १९०८ साली 'शिकागो डेली ट्रिब्यून'च्या घरगुती सूचनांच्या सदरात तिचा उल्लेख येतो, तोही हलणारा दात मुलांनी काढू द्यावा म्हणून सुचवलेली एक युक्ती या स्वरूपात. आणि आईने अशा प्रसंगांसाठी पाच सेंटवाल्या किरकोळ वस्तू आधीच आणून ठेवाव्यात, हा सल्लाही तिथेच आहे. वस्तू आयत्या वेळी हाताशी नसणं ही अडचण तेव्हाही होतीच.

म्हणून तुमच्या घरी भांडण सोडवायची गरज नाही, वाटणी करा. आज संध्याकाळी आजींनी तिला जवळ घेऊन उंदीरमामाची गोष्ट सांगावी. त्यासाठी आज रात्री दात काढून न घेता नाण्याजवळच राहू द्या. उद्या सकाळी नाणं मिळाल्यावर दात "परीने इथेच ठेवला, आजीच्या पद्धतीने द्यायला" असं ठरवता येईल. मग दोघींनी मिळून तो तुळशीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कुंडीत पुरावा. कुंडीच्या कडेशी, बोटभर खोल. उथळ पुरला तर पाणी घालताना वर येतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पहिला दात परी घेऊन गेली होती, हा का नाही, असं तिने विचारलं तर उत्तर तयार आहे: तेव्हा परीला आजीची पद्धत माहीत नव्हती. ज्या घरात आजींनी असा भाग घेतलेला असतो तिथे पुढची चूक सांभाळणं फार सोपं जातं, कारण रात्री काही झालं नाही तरी सकाळी करायला काहीतरी उरतं.

हे किती वर्षं चालवायचं म्हणून दडपण घेऊ नका. दुधाचे दात वीस असतात हे खरं, पण ते एका ओळीने पडत नाहीत. सहा ते आठ या वयात समोरचे आठ पडतात, खालचे चार आणि वरचे चार. मग दीड-दोन वर्षं जवळपास शांतता. नऊच्या पुढे सुळे आणि दाढा पडायला लागतात आणि बाराच्या आसपास संपतात. नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांना परी कोण ते कळलेलं असतं. म्हणजे मनापासून वाट बघण्याच्या रात्री साधारण आठच, आणि तुमच्या दोन होऊन गेल्या. उरलेल्या सहांसाठी आजच दहाची सहा नाणी एका डबीत काढून ठेवा. त्याच डबीत पोटली आणि वेगळ्या कागदाचे चार तुकडे. डबी तिच्या हाताला येणार नाही अशा जागी, पण तुम्हाला अंधारात सापडेल अशी. दात हलायला लागला की लगेच डबी बघा. खालचे दात लवकर हलतात आणि पटकन पडतात, वरचे जरा रेंगाळतात.

उरलेल्या सहांत आणखी काय काय बिघडू शकतं, तेही सांगते.

दात बेसिनमध्ये गेला, तर आधी नळ बंद करा. हात धुवायच्या बेसिनखाली बहुतेक घरांत पेल्यासारखा बॉटल ट्रॅप असतो. खाली बादली ठेवून त्याचा तळाचा पेला हाताने डावीकडे फिरवला की निघतो. दात पाण्यापेक्षा जड असल्याने तिथेच बसलेला असतो. परत लावताना रबराची चकती जागेवर आहे ना ते बघा, नाहीतर गळती सुरू होईल. स्वयंपाकघरातल्या सिंकला बहुधा नुसता वळ्यांचा पाइप असतो, तिथे दात सापडायची आशा सोडा. दात गिळला गेला तर घाबरायचं कारण नाही, एकदोन दिवसांत तो बाहेर पडतो. पण गिळताना ठसका लागून खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला शिटीसारखा आवाज येत असेल तर दात श्वासनलिकेत गेला असू शकतो, लगेच रुग्णालय गाठा. हरवलेल्या किंवा गिळलेल्या दाताऐवजी मुलाने दाताचं चित्र काढून ठेवावं. मेणाचा किंवा तांदळाचा खोटा दात करू नका. मुलांनी आपला दात जिभेने आठवडाभर चाचपलेला असतो, त्यांना तो चांगला माहीत असतो.

हात उशीखाली असताना तिने डोळे उघडले तर झटकन मागे घेऊ नका. उशी नीट करा, पांघरूण ओढा, "झोप" म्हणा आणि नाणं मुठीत तसंच घेऊन बाहेर या. अर्ध्या तासाने पुन्हा. अर्धवट झोपेतलं मुलांना सकाळी सहसा आठवत नाही. दचकून पळणारा माणूस मात्र आठवतो.

तुम्ही जपलेले दात तिला कपाटात सापडले, हा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला "परी दात बघते आणि आईजवळ सांभाळायला देते" एवढं पुरतं. आठच्या पुढचं मूल असेल तर तेव्हाच खरं सांगून टाका, ते बहुधा आधीच ओळखून असतं. जपायचे असतील तर एक सूचना: पाण्याने धुऊन दोन दिवस सावलीत पूर्ण कोरडे करा, मगच झाकण लावा. ओले दात बंद डबीत ठेवले की बुरशी धरते, वास येतो.

एका गोष्टीत मात्र गंमत बाजूला ठेवा. सात-आठ वर्षांच्या मुलांचे वरचे पुढचे दात बहुधा बदललेले असतात. खेळताना पडून असा दात मुळासकट निघाला आणि मुलाने तो परीसाठी डबीत ठेवला, तर फार मोठं नुकसान होतं. दुधाच्या पडलेल्या दाताला मूळ जवळजवळ नसतं. कायमच्या दाताला दातापेक्षाही लांब, निमुळतं मूळ असतं. तसं दिसलं तर मुळाला हात न लावता वरून धरा, घासू नका, थंड दुधात घाला आणि अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्याकडे पोचा. तो परत बसवता येतो. दुधाचा दात आपटून निघाला तर परत बसवत नाहीत, कारण वर तयार होत असलेल्या दाताला धक्का लागतो. हा फरक आजींना, शाळेच्या बाईंना आणि मुलीलाही सांगून ठेवा.

आणखी एक कळकळीने सांगते. किडलेला दात दवाखान्यात काढावा लागला तर "किडके दात परी नेत नाही" किंवा "त्याला कमी पैसे" असं कधीही म्हणू नका. ब्रश करायला लावण्यासाठी चांगल्या हेतूने म्हणतात, पण त्या दिवशी मूल सुई टोचून घेऊन, घाबरून, ओशाळून आलेलं असतं. माझ्याकडून काढलेला दातही मी कागदात बांधून मुलाच्या हातात देते, आणि घरी त्याला इतर दातांइतकाच मान मिळावा म्हणून सांगते.

शेवटचा प्रश्न, खोटं बोलण्याचा. याचं उत्तर मला परीपेक्षा गौरीच्या पावलांत दिसतं. गौरी आणताना दारापासून आतपर्यंत पावलं काढतात. मूठ उभी टेकवून पाऊल, बोटांच्या टोकांनी बोटं. ही पावलं कोण काढतं ते घरातली मुलं समोर बसून बघतात, कधी त्यांच्याच हातून काढून घेतात. तरी "गौरी कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी!" म्हणताना त्यांच्या अंगावर काटा यायचा राहत नाही. पावलं आईने काढली आणि गौरी आली, या दोन्ही गोष्टी मूल एकाच वेळी सांभाळतं आणि त्यात फसवणूक झाली असं त्याला वाटत नाही. म्हणून लपवाछपवी थोडी सैल झाली तरी घाबरू नका. खोटं तेव्हा होतं जेव्हा मूल खरोखर विचारतं आणि आपण त्याला परतवून लावतो.

ते खरोखर विचारतंय की नाही, हे ओळखायला मी एक साधी रीत सांगते. "आई, तूच ठेवतेस ना?" असं तिने म्हटलं की आधी विचारा, "तुला काय वाटतं?" ती "परीच असेल" म्हणून खेळायला गेली तर तिला अजून ते हवं आहे, तुम्ही पुढे काही बोलू नका. तिने पुन्हा, थांबून, तुमच्याकडे बघत विचारलं तर त्याच बैठकीत खरं सांगा. "हो, आम्ही ठेवतो. आता तुला कळलंय, म्हणून तूही आमच्यात." दोन वर्षांनी असो की पुढच्या महिन्यात, तो दिवस येईल तेव्हा कपाटातली डबी तिच्या हातात द्या, पोटली आणि उरलेल्या नाण्यांसकट. घरात किंवा शेजारी एखादं धाकटं मूल असेल तर त्याच्या पुढच्या दाताची चिठ्ठी तिला लिहू द्या, डाव्या हाताने. साडेदहाचा गजर मात्र तुमच्याच फोनवर राहू द्या.